ताईचं नेहमीच बरोबर

वर्तमानपत्रवाल्यांना बरेच दिवस वाटायचं की तिचं नावच 'ताई' आहे. त्यात त्यांची चूक नव्हती. धाकटी बहीण गोल्फच्या मैदानावर दर दोन मिनिटांनी हाक मारायची, "ताई, वारा कुठला? ताई, किती लांब?" आणि बॅग खांद्यावर घेतलेली ती उंच, किडकिडीत मुलगी शांतपणे उत्तर द्यायची. एका क्रीडावाहिनीने तर पडद्यावर तिच्या चेहऱ्याखाली 'कॅडी : ताई' असं छापूनही टाकलं. आईने ते घरी टीव्हीवर पाहिलं आणि म्हणाली, "बरोबरच आहे. थोरल्या मुलीला नाव ठेवतात ते फक्त शाळेत घालण्यापुरतं."

धाकटीलाही घरात नावाने कोणी हाक मारत नसे. ती भुंगा. लहानपणी ताईच्या मागे मागे गुणगुणत फिरायची म्हणून पडलेलं नाव, ते बाईमाणूस होऊन जगभर खेळायला लागली तरी सुटलं नाही.

त्यांचे बाबा गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं यंत्र चालवत. यंत्रांच्या शेडमागे नोकरांसाठी बांधलेल्या खोल्या होत्या, त्यातल्या दोन यांच्या. त्या घरात गवत सगळीकडे असायचं. मोज्यांत, चादरीत, कधी आमटीतही. आई दारापाशी उजेडाला शिलाई मशीन घेऊन बसे आणि शाळेचे गणवेश शिवे. निळ्या कापडावर हिरवा कण दिसला की फुंकर मारून उडवी आणि नवऱ्याकडे बघे. बाबा म्हणत, "मी काय मुद्दाम आणतो का? तेच येतं माझ्यामागे."

आठवड्यातून एक दिवस मैदान सभासदांना बंद असे. त्या दिवशी नोकरांच्या मुलांना सरावाच्या पट्ट्यावर खेळू देत. क्लबचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी जुन्या स्टिका कापून लहान केल्या होत्या. ताई आठ वर्षांची असताना मास्तरांनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. मुलं दांडकं फिरवतात तसं ती फिरवत नव्हती. आधी चेंडूकडे बघायची, मग लांबच्या खुणेकडे, मग पुन्हा चेंडूकडे, आणि मारायची. चेंडू सरळ जायचा. पुढचाही तिथेच पडायचा. मास्तर बाबांना म्हणाले, "या मुलीला चूक करायचा कंटाळा आहे. हिला शिकवायला मला आवडेल."

भुंगा तेव्हा तीन वर्षांची, गवतात बसून मुंगळ्यांशी भांडत होती. तिच्या हातात स्टिक आली ती पुढे चार वर्षांनी, आणि आली त्याच आठवड्यात यंत्रांच्या शेडची काच फुटली. मग दुसरी फुटली. बाबा आपल्या हाताने नवी काच बसवत आणि म्हणत, "मुलगी जोरात मारते, यात शंका नाही. फक्त कुठे मारते ते देवालाही कळत नाही."

ताई एकोणिसाव्या वर्षी व्यावसायिक झाली. म्हणजे झाली असं कागदावर म्हणायचं. खऱ्या मोठ्या दौऱ्यावर खेळायचं तर पात्रता फेरी पार करावी लागते. शेकडो मुली, मोजक्या जागा. पहिल्या वर्षी ताईची जागा एका फटक्याने हुकली. दुसऱ्या वर्षी पुन्हा थोडक्यातच. तिसऱ्या वर्षी शेवटच्या दिवशी तिने एकही चूक केली नाही, सगळे होल जितक्या फटक्यांत खेळायचे तितक्यातच खेळली, आणि तिच्या मागे असलेल्या पाच मुली तिच्या पुढे निघून गेल्या. मास्तर म्हणाले, "तू काहीच चुकली नाहीस." ताईला ते सांत्वन वाटलं. मास्तरांना तसं म्हणायचं नव्हतं बहुतेक, पण त्यांनीही पुढे काही स्पष्ट केलं नाही.

आई मात्र जेवताना म्हणाली होती, "या पोरीचं तोंड दुधाने कधी पोळलं नाही, तरी ही ताक फुंकूनच पिते." ताई ताट उचलून निघून गेली. आईने बाबांना विचारलं, "मी वाईट काय बोलले?"

ताईने मनाशी हिशेब वेगळाच मांडला होता. ती थोरली. तिच्या वाट्याला कापलेल्या स्टिका आल्या, मास्तरांचा उरलेला वेळ आला, आणि तिच्या वेळी बाबांना रजा मागायची हिंमत नव्हती. भुंगा मोठी झाली तोवर बाबा मुकादम झाले होते, मास्तर निवृत्त होऊन रोज मोकळे होते, आणि रस्ता कसा असतो ते घराला कळलं होतं. दोघींत फरक एवढाच, असं तिला वाटे. ती हे कोणाला बोलली नाही. बुटात खडा असावा तसं ते होतं. चालता येत होतं, पण विसरता येत नव्हतं.

गावाच्या कडेला एक सराव केंद्र होतं. रांगेने हिरव्या चटया, समोर उंच जाळं, आणि टोपली लावली की खडखडत चेंडू ओतणारं यंत्र. तिथे ती शिकवू लागली. शिकायला यायचे ते निवृत्त दंतवैद्य, पाठदुखीचे व्यापारी, नवऱ्यांना हरवायची जिद्द धरलेल्या बायका. ताई चांगली शिकवायची. कोणाचा कोपर कुठे सुटतो ते तिला लांबून दिसायचं. दोन वर्षं अशी गेली.

मग भुंगाने पात्रता फेरी पहिल्याच प्रयत्नात पार केली. शेवटच्या दिवशी एका वळणाच्या होलवर सगळ्या मुली वळसा घेऊन खेळत होत्या. हिने झाडांवरून मारलं. चेंडू कुठे पडला ते कोणालाच दिसलं नाही. जाऊन बघतात तर ग्रीनच्या, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, तोंडाशी.

दौऱ्यावर जायचं तर बॅग उचलायला कॅडी हवा. कॅडी नुसता हमाल नसतो. अंतर सांगतो, वारा सांगतो, कुठली स्टिक घ्यायची ते सुचवतो, आणि खेळाडूचं डोकं फिरलं तर जागेवर आणतो. भुंगा म्हणाली, "ताई, चार आठवडे चल. तेवढ्यात कोणीतरी शोधते मी." ताईने सराव केंद्राच्या मालकाकडून चार आठवड्यांची रजा घेतली. ती रजा तीन वर्षं चालली.

त्या तीन वर्षांत दोघी एका खोलीत राहिल्या, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्या, आणि सगळ्या खोल्या शेवटी सारख्याच दिसू लागल्या. दोन पलंग, मधे दिवा, खिडकीतून गाड्या लावायची जागा. भुंगा पासपोर्टसुद्धा ताईकडेच ठेवायची. ताई आदल्या दिवशी मैदान एकटी चालून यायची, कुठे उतार, कुठे ओल, कुठे पाय घसरतो ते बघून ठेवायची. भुंगा तोवर झोपलेली असायची. "अगं, तू बघितलंस ना, मग झालं," म्हणायची.

त्या सुमाराला मोठ्या स्पर्धांत पुढे असायच्या त्या सगळ्या विशी-बाविशीच्याच. एकीच्या दातांना अजून तार होती. एक उंच मुलगी सारखी केळी खायची, साली तिचे वडील गोळा करत मागे चालायचे. या मुली एकमेकींना हरवायला टपलेल्या, आणि संध्याकाळी एकमेकींच्या खोलीत पत्ते खेळायला जमायच्या. ताई त्यांच्यात सत्तावीस वर्षांची, म्हणजे म्हातारीच. त्या सगळ्या तिला ताईच म्हणायच्या.

पत्रकारांना ताईची गोष्ट आवडायची. 'धाकटीसाठी स्वतःचं स्वप्न सोडणारी बहीण.' त्याग हा शब्द दर वेळी यायचा. ताई प्रत्येक वेळी म्हणायची, "त्याग वगैरे काही नाही, मला काम मिळालं." पण शब्द खोडून काढा असं तिने कधी म्हटलं नाही, हेही खरं.

वर्षातून मोजक्याच स्पर्धा अशा असतात की ज्या जिंकल्या तर खेळाडूचं नाव राहतं. त्यांना मेजर म्हणतात. भुंगा बावीस वर्षांची असताना अशा एका मेजरच्या चौथ्या, शेवटच्या दिवशी ती अठराव्या होलवर आली तेव्हा केळीवाल्या उंच मुलीच्या एका फटक्याने मागे होती. दोघी एकाच जोडीत खेळत होत्या.

अठरावा होल लांबलचक. पाच फटक्यांचा. भुंगाचा पहिला फटका उत्तम बसला होता. आता दोन वाटा होत्या. समोर तळं, तळ्यापलीकडे ग्रीन. एकतर तळ्याच्या अलीकडे बेताने मारायचं, मग छोट्या स्टिकने चेंडू झेंड्याजवळ टाकायचा, एका फटक्यात होलात घालायचा आणि बरोबरी साधायची. नाहीतर मोठ्या डोक्याची लांब स्टिक, जिला वूड म्हणतात, ती घेऊन थेट तळ्यावरून मारायचं.

"छोटी स्टिक घे," ताई म्हणाली. "तळ्याच्या अलीकडे ठेव."

"वूड दे."

"चेंडू उतारावर आहे. वारा डावीकडून आहे. पलीकडे पोचायला तुझा आजवरचा सगळ्यात चांगला फटका लागेल."

"मग तोच मारते ना."

"भुंग्या, ती आता पाण्याच्या भीतीने बेतानेच खेळणार. तू बरोबरी कर. मग पुढचं पुढे."

उंच मुलगी वीस पावलांवर उभी राहून मुद्दाम दुसरीकडे बघत होती. दोरीपलीकडे हजारो माणसं, आणि एवढी शांतता की कोणाची तरी पिशवी वाजली ती ऐकू आली. ताईचा हात वूडवर चढवलेल्या टोपीवर होता. तिने तो काढला नाही.

भुंगाने हिसकावलं नाही. हळू आवाजात म्हणाली, "ताई, वेळ जातोय. दंड लागेल."

ताईने हात काढला.

फटका सुंदर बसला. ताई पुढे अनेकदा सांगायची की तिने एवढा चांगला फटका त्या उतारावरून कोणाचा पाहिलेला नाही. चेंडू उंच गेला, वाऱ्याने जरासा ढकलला, तळ्याच्या पलीकडच्या दगडी काठाला लागला, आणि मागे पाण्यात पडला. लोकांचा एकदम हुंदका निघावा तसा आवाज आला.

उंच मुलगी बेताने खेळली आणि जिंकली. भुंगा तिसरी आली.

संध्याकाळी हॉटेलच्या तळमजल्यावर जेवायला बसल्या. ताईने पाव तोडून तसाच ताटात ठेवला. भुंगाने सूप संपवलं, मासा संपवला, आणि वेटरला विचारलं की बटाटे आणखी मिळतील का. तेवढ्यात उंच मुलगी वडिलांबरोबर आत आली, हातात करंडक. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. भुंगा सरळ तिच्याकडे गेली, मिठी मारली, आणि करंडक तिच्या हातातून घेऊन वर उचलून बघितला.

"बाप रे! जड आहे गं!" ती तिथूनच ओरडली. "ताई, उचलून बघ!"

ताई जागची हलली नाही. तिने मान हलवून नको म्हटलं.

भुंगा परत येऊन बसली. बटाटे आले होते. खाता खाता म्हणाली, "दोन हात कमी पडला, नाही?"

"मी सांगितलं होतं."

"हो. तुझं बरोबर होतं." आणि मग मिठाची बाटली जवळ ओढत, "पण काय लागला होता गं, ताई! हाताला कळलंसुद्धा नाही."

ताईने तिच्याकडे पाहिलं. भुंगा हसत होती, आणि ते हसू लोकांसाठी नव्हतं. तिला खरंच त्या फटक्याचा आनंद झाला होता. ताईला आपल्या पात्रता फेऱ्या आठवल्या. त्या तीन वर्षांत तिने असा एकही फटका मारला नव्हता की जो पाण्यात जाऊनही आठवावा. कोणी अडवलं नव्हतं तिला. स्टिका कापलेल्या होत्या हे खरं, पण झाडांवरून मारायला बंदी कोणी केली होती? ती पाण्याचा पेला उचलून प्यायली. बरंच पाणी प्यायली.

यानंतर जे झालं ते दोघींच्याही लक्षात लगेच आलं नाही. भुंगा ताईचं ऐकायला लागली. हरल्याचं दुःख तिने केलं नव्हतं, पण ताईला आपण दुखावलं याचं तिने मनावर घेतलं होतं. आता ती विचारायची, "छोटी घेऊ?" आणि ताई हो म्हणायची, कारण छोटीच बरोबर असायची. फटके सरळ जायला लागले. काचा फुटणं बंद झालं, असं बाबा फोनवर म्हणाले आणि स्वतःच हसले. भुंगा नववी आली, बारावी आली, पुन्हा नववी आली. समालोचक म्हणू लागले की ही मुलगी आता परिपक्व झाली.

एका स्पर्धेनंतर ताई तिच्या चारही दिवसांचे फटके मनात जुळवत होती आणि तिला एकदम वाटलं, हा खेळ ओळखीचा आहे. असं कोण खेळायचं? मग आठवलं, आणि ती दचकली.

दुसऱ्या दिवशी दोघी कपडे धुवायला गेल्या होत्या. नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांचं दुकान, गोल काचेत कपडे फिरतायत, बाकावर एक आजोबा पेपर वाचतायत. ताई गरम टॉवेल घडी करत म्हणाली, "या महिन्यानंतर तू दुसरा कॅडी बघ."

भुंगाला वाटलं थट्टा आहे. मग तिने ताईचा चेहरा पाहिला.

"का? मी तळ्यात मारला म्हणून? अजून तेच?"

"नाही. त्यानंतर तू एकदाही तळ्यात मारला नाहीस म्हणून."

"म्हणजे तुझं ऐकलं तरी चूक, नाही ऐकलं तरी चूक?"

"माझं बरोबर असतं गं. तोच तर घोटाळा आहे."

"मला काही कळत नाहीये तू काय बोलतेस ते."

"माझं ऐकून तू माझ्यासारखी खेळतेस. माझ्यासारखी खेळून मी कुठे पोचले ते ठाऊक आहे ना?"

भुंगाने हातातले मोजे टोपलीत आपटले. "हे असलं परस्पर ठरवायचं आणि मग सांगायचं! लहानपणापासून हेच. कुठला फ्रॉक घालायचा ते पण तूच ठरवायचीस." ती रडायला लागली होती आणि रडतेय याचा तिला आणखी राग येत होता. बाकावरच्या आजोबांनी पेपर जरा वर धरला.

"तो फ्रॉक तुला बरा दिसायचा," ताई म्हणाली.

"गप्प बस!"

पुढचे काही महिने दोघींत फोन झाला तो फक्त आईच्या मार्फत. आई एकीला सांगे, "ती जेवली का विचारते," आणि दुसरीला सांगे, "ती जेवली." खरं तर दोघींपैकी कोणीच काही विचारलेलं नसे. बाबांनी एकदा विचारलं, "हे असं खोटं किती दिवस सांगणार?" आई म्हणाली, "शिवण उसवली की आधी कच्चा टाका घालतात. पक्का नंतर."

भुंगाने एक जाडजूड, टक्कल पडलेला कॅडी ठेवला. त्याला सगळे दादा म्हणत. त्याला काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच असे, "मार की!" पहिल्या महिन्यात भुंगाने इतके चेंडू झाडीत घालवले की दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवतात त्यांत ती दोनदा बाहेर पडली. मग एक स्पर्धा जिंकली. साधी होती, मेजर नव्हे. जिंकल्यावर तिने पहिला फोन घरी केला आणि आई काही बोलायच्या आत म्हणाली, "ताईला दे."

ताई परत सराव केंद्रात शिकवत होती. दंतवैद्याचा कोपर अजून सुटत होता. तिथे येणाऱ्या एक बाई स्थानिक स्पर्धांत पंच म्हणून काम करत. एकदा दोघा म्हाताऱ्यांचं चेंडू कोणाचा यावरून भांडण लागलं, आणि ताईने चटईवरून मान वर न करता नियम सांगितला. बाई म्हणाल्या, "तुम्ही परीक्षा का देत नाही?"

गोल्फचे नियम म्हणजे जाडजूड पुस्तक. चेंडू झाडावर अडकला तर, कुत्र्याने पळवला तर, दुसऱ्याच्या चेंडूवर आपटला तर. ताईने ते असं वाचलं की बाबा म्हणाले, "एवढ्या आवडीने तर मी तुला कधी जेवतानाही पाहिलं नाही." तिने पहिली परीक्षा दिली, मग वरची, मग त्याच्या वरची. या वेळी एकही जागा थोडक्यात हुकली नाही. तिसाव्या वर्षी ती मोठ्या दौऱ्यावर पंच म्हणून गेली. डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला वॉकीटॉकी, स्वतःची छोटी गाडी. जिथे खेळाडूंना वाद पडे तिथे ती जाई, वाकून बघे, आणि सांगे. तिच्या निर्णयावर वर दाद मागायची वेळ क्वचितच आली. आई म्हणाली, "इतकी वर्षं घरात सगळ्यांच्या चुका काढल्या, त्याचा उपयोग झाला म्हणायचा."

एकच अट होती. भुंगा ज्या गटात खेळत असेल त्या गटाच्या आसपास ताईने फिरकायचं नाही. सख्खी बहीण. नियम ताईला मान्य होता. नसता तर तिनेच करायला लावला असता.

दुसऱ्या वर्षी एका मेजरच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर वादळाचा अंदाज होता. सगळ्यांचा खेळ लवकर संपावा म्हणून अर्ध्या मुलींना पहिल्या होलवरून आणि अर्ध्या मुलींना दहाव्यावरून सोडलं. पुढे असलेल्या पहिल्यावरून, मागे पडलेल्या दहाव्यावरून. त्यामुळे आघाडीच्या मुली अठराव्यावर पोचल्या तेव्हा सगळ्यात मागच्या मुली नवव्या होलवर आपला खेळ संपवत होत्या. भुंगा आघाडीच्या जोडीत होती. ताईला नववा होल दिला होता.

वॉकीटॉकीवर तिचा क्रमांक पुकारला गेला. ती गाडी घेऊन गेली. चाळिशीला टेकलेली एक खेळाडू, गुणफलकावर अगदी तळाशी, हात कमरेवर ठेवून उभी होती. तिचा चेंडू पाणी निचऱ्याच्या लोखंडी जाळीवर जाऊन बसला होता. अशा वेळी चेंडू उचलून शेजारी टाकायची मुभा असते, दंड नसतो. पण टाकायचा तो सगळ्यात जवळच्या मोकळ्या जागी.

"या बाजूला टाकते," खेळाडू म्हणाली. त्या बाजूला छान कापलेलं गवत होतं.

ताईने वाकून बघितलं. स्टिक कशी धरणार, पाय कुठे येणार, ते खेळाडूला करून दाखवायला लावलं. मग दुसऱ्या बाजूकडे बोट केलं. तिकडे गुडघाभर गवत होतं. "जवळची जागा ती आहे."

"वीतभराचा तर फरक आहे!"

"आहे खरा."

"बाई, मी साठावी आहे. मी इथे टाकला काय, तिथे टाकला काय, कोणाला काय फरक पडतो?"

तेवढ्यात झाडांच्या पलीकडून, अठराव्या होलकडून, प्रचंड आवाज आला. आधी एकदम शांतता, मग तो आवाज. कॅडीने मान वळवली. खेळाडूनेही वळवली. "कोण जिंकलं असेल?" कॅडी म्हणाला. वॉकीटॉकी कामाच्या बोलण्यासाठी असतो, त्यावर असं काही कोणी सांगत नाही. ताईच्या हाताचे तळवे ओले झाले होते. तिने ते पँटला पुसले.

"तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत," ती खेळाडूला म्हणाली. "त्या गवतात टाका, नाहीतर आहे तसा जाळीवरून मारा. घाई नाही, विचार करा."

खेळाडूने बराच विचार केला. मग जाळीवरूनच मारलं.

ताईचं काम संपून ती इमारतीशी पोचली तेव्हा बक्षीस देऊन झालं होतं आणि टपोरे थेंब पडायला लागले होते. लोक छत्र्या उघडत पळत होते. दादा कॅडी बॅगेवर बसून कोणाशी तरी फोनवर बोलत होता, बोलता बोलता त्याने ताईला बघून हात उंचावला. आतल्या बाजूला, स्टिका ठेवायच्या खोलीत भुंगा एकटी बूट काढत बसली होती. शेजारच्या बाकावर करंडक.

"जिंकले," ती म्हणाली.

"दिसतंय. कसं?"

"हातभराचा होता शेवटचा. ढकलला, गेला. काही विशेष नाही." मग ती वर बघून म्हणाली, "तू बघितलंस?"

"नाही. नवव्यावर होते."

"तिकडे काय करत होतीस?"

"एकीचा चेंडू जाळीवर बसला होता."

"कुठल्या बाजूला टाकायला लावलास?"

"वाईट बाजूला."

भुंगा हसली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली. "मग? तिने काय केलं?"

ताई तिच्या शेजारी बसली, टोपी काढली, आणि सांगायला लागली. जाळीवरून मारलेला चेंडू ठिणगी उडवून निघाला होता, एका झाडाच्या बुंध्याला लागला होता, आणि ग्रीनवर झेंड्यापासून चार पावलांवर येऊन थांबला होता. ती साठावी बाई दोन्ही हात वर करून नाचली होती. मग तो चार पावलांचाही तिने चुकवला.

"अरेरे," भुंगा म्हणाली. "पण मारला ना."

"मारला," ताई म्हणाली. मग तिने हात लांब करून करंडक उचलून बघितला, पुन्हा जागेवर ठेवला, आणि आईला फोन लावला.